बुचरचे जुने फोटो घेऊन बाबांसोबत नेब्रास्का

अमेरिकेत ओमाहात राहून बरीच वर्षं झाली तरी आमचं नेब्रास्का राज्य आम्ही नीट पाहिलेलंच नव्हतं, म्हणजे आय-८० हायवेवरून डेन्व्हरकडे जाताना दोन्ही बाजूंना मका दिसतो आणि विमानातून खाली गोल गोल हिरवी शेतं दिसतात, एवढंच. यंदा सप्टेंबरमध्ये बाबा आले. बाबा शेतकरी, दर्यापूरकडचे, खारपाण पट्ट्यातले, आयुष्यभर कापूस, तूर, हरभरा केलेला माणूस, त्यांना मॉल दाखवून काय करणार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "इथले लोकं पहिले कशी करत होते वं शेती? हे मशिनी याच्या आधी?"

याचं थोडंफार उत्तर मला माहीत होतं ते सॉलोमन बुचर नावाच्या फोटोग्राफरमुळे. १८८६ पासून हा माणूस घोडागाडीत कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा टाकून कस्टर काउंटीत, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, दारोदार फिरला आणि शेतकऱ्यांचे त्यांच्या मातीच्या घरांसमोर फोटो काढत गेला, तीन हजारांच्या वर निगेटिव्ह आहेत त्याच्या. राज्याच्या इतिहास संस्थेने त्या जपल्यात, स्कॅन करून ऑनलाइन टाकल्यात. त्यातले बरेचसे टॅबवर डाउनलोड केले, नवऱ्याला आणि लेकीला घरी ठेवलं, आणि मी आणि बाबा निघालो.

बुधवार, लिंकन

लिंकन तासाभराच्या अंतरावर. राज्याच्या राजधानीचं कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन, लांबूनच दिसतं, ४०० फुटी टॉवर, आणि टोकावर पेरणी करणाऱ्या माणसाचा ब्राँझचा पुतळा, साडेएकोणीस फूट उंच, ली लॉरी नावाच्या शिल्पकाराचा. ही इमारत १९२२ ते १९३२ अशी दहा वर्षं बांधली आणि कर्ज न काढता, जसे पैसे येतील तसं काम पुढे नेत बांधली हे ऐकून बाबा खूश झाले. मग मान वर करून बराच वेळ त्या पुतळ्याकडे बघत राहिले. "फोकून पेरून राह्यला तो," म्हणाले, "तिफण नाई त्याच्यापाशी. पण हात बरोबर दाखवला, मूठ अशीच सोडतेत."

आत १८८८ च्या बर्फवादळाचं एक मोठं मोझेक आहे. हे वादळ इथे शाळेतल्या पोरांचं वादळ म्हणूनच ओळखलं जातं. १२ जानेवारीची सकाळ, त्या दिवसात नसते इतकी उबदार, पोरं पातळ कपड्यांवर शाळेत गेलेली, आणि मग वायव्येकडून एकदम बर्फाची भिंतच आली. बर्फ पिठासारखा बारीक, डोळे चिकटून जायचे, स्वतःचा हात दिसायचा नाही, गोठ्यातून घरात येता येता माणसं चुकली आणि घराच्या शेजारी मेली. सगळ्या मैदानी राज्यांत मिळून अंदाजे २३५ माणसं गेली असं सांगतात, त्यात शाळकरी पोरं किती तरी. ऑर्डजवळच्या एका शाळेत मिनी फ्रीमन नावाची तरुण मास्तरीण होती, शाळेचं छप्पर उडालं तेव्हा तिने सगळ्या पोरांना सुखरूप एका शेतघरापर्यंत नेलं. तिने पोरांना दोरीने एकमेकांना बांधलं होतं अशी गोष्ट देशभर पसरली, तिच्यावर गाणं झालं, आणि दोरी होती की नव्हती याबद्दल मात्र सांगणाऱ्यांच्या गोष्टी जुळत नाहीत.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. १९४० मध्ये, म्हणजे ५० वर्षं उलटून गेल्यावर, त्या वादळातून वाचलेल्या लोकांनी एक क्लब काढला, एकमेकांच्या आठवणी लिहून मागवल्या आणि १९४७ मध्ये त्या छापल्या. सगळे म्हातारे झालेले. कोणी मोठा माणूस नाही, शेतकरी, शिक्षिका, दुकानदार. वादळाचा फोटो कोण काढणार होतं, त्या दिवशी काय झालं ते आज कळतं ते फक्त या लोकांनी बसून लिहिलं म्हणून.

दुपारी युनिव्हर्सिटीच्या ईस्ट कॅम्पसवर ट्रॅक्टर टेस्टचं म्युझियम पाहिलं. इथे बाबांना बाहेर काढणं अवघड गेलं. पहिल्या महायुद्धाच्या आसपास कोणीही उठून ट्रॅक्टर बनवत होतं आणि वाट्टेल ते दावे करून विकत होतं. पोल्क काउंटीतल्या विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने एक ट्रॅक्टर घेतला, नाव फोर्ड पण त्या हेन्री फोर्डशी काही संबंध नाही, नुसतं नाव वापरलेलं, आणि तो धड चालेना. क्रोझियर पुढे आमदार झाला आणि १९१९ मध्ये कायदा करून घेतला की नेब्रास्कात ट्रॅक्टर विकायचा तर आधी युनिव्हर्सिटीत टेस्ट व्हायला पाहिजे, कंपनी म्हणते तेवढी ताकद खरंच आहे का ते मोजून. १९२० पासून टेस्ट सुरू झाल्या, पहिला पास झालेला वॉटरलू बॉय, आणि पुढे या टेस्टचे आकडे जगभर मानले जायला लागले. बाबा सगळं ऐकून म्हणाले, "एका शेतकऱ्याले फसोलं तं त्यानं कायदा केला. आपल्याकडं बियाणं उगवलं नाई तं माणूस नुसता चकरा मारते." बियाणं उगवलं नव्हतं त्या वर्षीचं दुबार पेरणीचं सगळं मला आठवलं, बाबांनी तेव्हा उसनवारी करून बियाणं आणलं होतं. आम्ही दोघंही त्यावर जास्त बोललो नाही.

गुरुवार, बीॲट्रिस ते मिंडेन

रात्री बीॲट्रिसला मुक्काम, सकाळी होमस्टेड पार्क. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारने १६० एकर जमीन फुकट द्यायची ठरवली, कागदपत्राची फी साधारण १८ डॉलर, अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन वहितीखाली आणायची. १ जानेवारी १८६३ ला कायदा लागू झाला आणि डॅनियल फ्रीमन या माणसाने पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं, मध्यरात्रीनंतर लगेच ऑफिस उघडायला लावलं अशी आख्यायिका आहे. त्याचीच ही जमीन, त्याची आणि बायकोची कबर पण इथेच.

म्युझियमच्या छपराचा आकार नांगराच्या फाळासारखा वर गेलेला. बाहेरच्या भिंतीवर ३० राज्यांचे पत्र्याचे आकार, प्रत्येकात जेवढी जमीन होमस्टेडमध्ये वाटली गेली तेवढा भाग कापून दाखवलाय. नेब्रास्काचा भाग सगळ्यात मोठा, जवळपास ४५ टक्के. पार्किंग लॉट बरोबर एक एकराचा केलाय, म्हणजे शहरातून आलेल्या लोकांना एकर म्हणजे केवढा ते कळावं. बाबांना ते सांगायची गरज नव्हती. त्यांनी पार्किंगकडे बघितलं आणि १६० ने गुणलं आणि म्हणाले, "आपल्या अख्ख्या गावात एवढी जमीन एका जवळ कोणापाशी नाई."

मला तिथे फोटोंपेक्षा कागदांनी जास्त धरून ठेवलं. पाच वर्षांनी जमीन नावावर करायची तर दोन शेजाऱ्यांची साक्ष लागायची, आणि त्या साक्षीत सगळं लिहिलेलं, घर किती बाय किती, खिडक्या किती, दारं किती, किती एकर मोडले, विहीर आहे का. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले हा तं पंचनामाच झाला. आणि बायकांना पण जमीन मिळायची, लग्न न झालेली किंवा विधवा, २१ वर्षांच्या वरची बाई स्वतःच्या नावावर अर्ज करू शकायची, १८६२ च्या कायद्यात. आमच्या घरात आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्यात, कोणी त्यांना विचारलं पण नव्हतं, म्हणून मी त्या पाटीपाशी जरा जास्त वेळ थांबले.

पार्कमध्ये १०० एकरावर जुनं गवत परत वाढवलंय, बिग ब्लूस्टेम नावाचं, सप्टेंबरमध्ये ते माणसापेक्षा उंच होतं. सगळं राज्य एकेकाळी असंच होतं, पूर्वेला उंच गवत, पश्चिमेला बुटकं. त्याची मुळं इतकी खोल आणि गुंतलेली की साधा नांगर चालायचा नाही. बाबांनी थोडी माती हातात घेतली, चुरली, वास घेतला, "काळी हाय, पण आपल्यासारखी चिकट नाई."

बीॲट्रिसवरून हायवे १३६ ने पश्चिमेला निघालो, फेअरबरी, हेब्रन, रेड क्लाउड. आय-८० सोडून हा रस्ता घ्याच कोणी जात असाल तर. मका, सोयाबीन, मध्येच एक धान्याचा उंच कोठार आणि त्याच्याभोवती गाव. हेब्रन मागे पडल्यावर बाबा एकदम म्हणाले, थांबव. डाव्या बाजूला लालसर तपकिरी कणसांचं पीक, कमरेएवढं. "हे तं ज्वारी हाय." ज्वारीच, इथे त्याला मायलो म्हणतात, कमी पाण्याची म्हणून दक्षिणेकडच्या काउंट्यांमध्ये अजून लावतात. बाबा खाली उतरले, कुंपणापाशी जाऊन कणसाकडे बघत उभे राहिले, आणि मग म्हणाले, "लाल मिलो. रेशनवर भेटायची आम्हाले."

मी मिलोबद्दल फक्त ऐकलं होतं. बाबा गाडीत बसल्यावर पुढचा तासभर सांगत होते आणि मी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून ठेवलं. साठच्या दशकातले दुष्काळ आणि मग १९७२. अमेरिकेतून धान्य यायचं, साठच्या दशकात तर १९५४ च्या पीएल ४८० नावाच्या कायद्याखाली, गहू यायचा आणि ही लाल ज्वारी यायची. भाकरी लालभडक, कडक, गार झाली की तोडता यायची नाही. आजी ती भाकरी पाण्याचा हात लावून परत शेकायची. बाबा शाळेत डबा लपवून खायचे कारण लाल भाकरी दिसली की घरात ज्वारी नाही हे कळायचं. ७२ ला आजोबा आणि मोठेबाबा दोघं रोजगार हमीवर खडी फोडायला जायचे, ज्यांच्या घरी स्वतःची १४ एकर जमीन. "इथं हे ढोरांले घालतेत," मी सांगितलं. "मग," बाबा म्हणाले, "तवा पण ढोराचीच हाय म्हणत लोकं. पण पोट भरलं तिनं." ते रागाने नाही बोलले, आणि कौतुकानेही नाही.

संध्याकाळच्या आत मिंडेनला पोचलो. इथे पायोनियर व्हिलेज नावाचं म्युझियम आहे, हॅरॉल्ड वॉर्प या इथल्याच शेतकऱ्याच्या मुलाने १९५३ मध्ये सुरू केलं, ५० हजाराच्या वर वस्तू, दिवे, नांगर, चुली, वॉशिंग मशिनी, सगळं वर्षांच्या क्रमाने लावलेलं. एका दालनात एक आजी भेटल्या, नव्वदीच्या आसपास, नातीसोबत आल्या होत्या. बाबा रॉकेलच्या कंदिलासमोर उभे होते आणि त्या पण. मी मध्ये दुभाषी. त्या म्हणाल्या त्यांच्या शेतावर वीज आली तेव्हा त्या शाळेत होत्या, दुसऱ्या महायुद्धानंतर, शहरात दिवे होते पण खाजगी कंपन्या शेतापर्यंत तार ओढायला तयार नव्हत्या, गिऱ्हाईक विरळ म्हणून. मग १९३६ चा ग्रामीण विजेचा कायदा, तो करणाऱ्यांपैकी एक सिनेटर जॉर्ज नॉरिस नेब्रास्काचेच, आणि आजही या राज्यात सगळी वीज सार्वजनिक मालकीची आहे, अख्ख्या देशात असं हे एकच राज्य. वीज आली त्या रात्री आजींच्या आईने घरातले सगळे दिवे लावले आणि सगळ्यांना अंगणाच्या टोकाला नेऊन उभं केलं, घर कसं दिसतं ते बघायला. आणि दुसऱ्या दिवशी आईला दिसलं की भिंती किती काळ्या झाल्यात, आठवडाभर ती भिंती घासत होती. बाबा म्हणाले आमच्याकडे बल्ब आला तेव्हा आईने पहिले देवघर धुतलं. मी भाषांतर केलं तर आजींनी बाबांचा हात हातात घेतला.

शुक्रवार, ब्रोकन बो आणि कॉमस्टॉक

कार्नीहून उत्तरेला ब्रोकन बो, तास-सव्वातास. मका मागे पडतो, टेकड्या सुरू होतात, गुरं दिसायला लागतात. हीच ती कस्टर काउंटी. चौकात काउंटीचं म्युझियम आहे, छोटंसं, आत बुचरच्या फोटोंच्या मोठ्या कॉप्या, आणि मागे जुने कागद बघायची खोली.

बुचर १८८० मध्ये वडिलांबरोबर इथे आला, जमीन घेतली आणि थोड्याच दिवसात सोडून दिली, शेतीचा माणूस नव्हताच तो. काउंटीचा फोटोंसकट इतिहास लिहायचा हे वेड डोक्यात घेतलं, लोकांकडून आधी वर्गणी घेऊन. ९० च्या दशकात दुष्काळ पडला, लोकांकडे खायला नाही तर वर्गणी कुठून. १८९९ मध्ये घर जळालं, लिहिलेलं सगळं गेलं, काचेच्या निगेटिव्ह धान्याच्या कोठीत होत्या म्हणून वाचल्या. पुस्तक शेवटी १९०१ मध्ये आलं. १९२७ मध्ये तो गेला तेव्हा स्वतःला अपयशी समजूनच गेला. मला याचं फार वाईट वाटतं, कारण आज अमेरिकेतल्या कुठल्याही शाळेच्या पुस्तकात मातीचं घर दाखवायचं असेल तर फोटो याचाच असतो.

आता फोटो. एकात चार बहिणी, क्रिसमन, १८८६, मातीच्या घरासमोर घोडे धरून उभ्या, त्यांनी स्वतःच्या नावावर जमिनी घेतल्या होत्या. एकात रॉडिंग कुटुंब, टेबल बाहेर काढलंय, त्यावर कलिंगड कापून ठेवलंय, खेचरं उभी, आणि मागे छपरावर गाय दिसते कारण घर टेकडीत खणून बांधलेलं. एकात शोर्स कुटुंब, जेरी शोर्स गुलामगिरीतून सुटून आलेला काळा माणूस, इथे येऊन स्वतःच्या जमिनीचा मालक झालेला, बायकापोरांसकट ताठ उभा. एकात अँड्र्यूज कुटुंब आपल्या तान्ह्या मुलाच्या थडग्याजवळ. आणि तो हिल्टनबाईंचा फोटो, १८८७, त्यात अंगणात गुरं, मागे माळ, आणि मध्ये मोठा ऑर्गन. बाईंना गावाकडच्या लोकांना मातीचं घर दाखवायचं नव्हतं, म्हणून बाजाची ती पेटी उचलून बाहेर आणली आणि घर फ्रेमच्या बाहेर ठेवलं.

हे फोटो खोटे आहेत असं कोणी कोणी म्हणतं. बुचर पोज द्यायला लावायचा हे खरंच आहे. निगेटिव्हवर डाग पडला तर त्याजागी टर्की रंगवून टाकायचा. स्वेन फिंच नावाचा रँचर, म्हणजे गुरं पाळणारा, झाडाची फांदी घेऊन टोळांना हाणतोय असा फोटो आहे, टोळधाड आली होती १८७६ मध्ये आणि फोटो काढलाय १९०० च्या सुमारास, टोळ बुचरने नंतर चितारलेले. १८८५ मध्ये शेतकऱ्यांनी एका रँचचं तारेचं कुंपण तोडलं, तो प्रसंग पण लोकांना परत उभं करून काढलाय, हातातली पकड लाकडाची. पण मला वाटतं यात खोटं काही नाही, लोकांनी बाहेर काय काढलं ते बघा ना. जे त्यांना जगाला दाखवायचं होतं ते त्यांनी स्वतः उचलून अंगणात आणून ठेवलं, शिलाई मशीन, पाळणा, पक्ष्याचा पिंजरा, सगळ्यात चांगला घोडा. अभिमान कशाचा होता आणि लाज कशाची वाटत होती हे दुसरं कुठलं कागदपत्र सांगणार आहे. आणि स्कॅन केल्यावर तर दाराच्या काळ्याभोर चौकटीतल्या आतल्या वस्तू पण दिसायला लागल्या, म्हणजे जे आत ठेवलं होतं ते पण कॅमेऱ्याने टिपलंच होतं.

टोळधाडीवरून बाबांनी विचारलं म्हणून सांगते, १८७४ ची सगळ्यात वाईट होती. ढग आल्यासारखे टोळ आले, पिकं तर खाल्लीच पण घोड्याचे कातडी पट्टे, अवजारांचे लाकडी दांडे, वाळत घातलेले कपडे पण खाल्ले, रुळांवर इतके चिरडले की रेल्वेची चाकं घसरायची. आणि ती टोळाची जात पुढे तीसेक वर्षांत पृथ्वीवरूनच नाहीशी झाली, जिवंत टोळ शेवटचा दिसला १९०२ मध्ये.

दुष्काळाचं पण असंच. इथे एक सिद्धांत होता, पाऊस नांगराच्या मागे येतो. जमीन मोडली की ओल धरते, ओल धरली की पाऊस वाढतो, असं इथल्या युनिव्हर्सिटीचा एक प्रोफेसर सांगायचा, रेल्वेवाले तेच छापून युरोपात वाटायचे, आणि ८० च्या दशकात पाऊस खरंच चांगला पडला. लोक पश्चिमेला सरकत गेले. मग ९० चं दशक आलं आणि कित्येक जण गाडी भरून परत निघाले. त्यांचे फोटो कोणी काढले नाहीत.

कागदांच्या खोलीत बाबांच्या वयाचे एक गृहस्थ बसले होते, शेतकरी, आता मुलगा करतो. बोलता बोलता १९८० च्या दशकावर आले. सत्तरच्या दशकात रशियाने गहू घेतला, भाव चढले, कुंपणापर्यंत पेरा असं सरकारच सांगत होतं, बँका दारात येऊन कर्ज देत होत्या, जमीन महाग म्हणून तिच्यावर अजून कर्ज. मग १९८० च्या सुमाराला व्याज २० टक्क्यांपर्यंत गेलं, रशियाला धान्य विकायला बंदी झाली, आणि काही वर्षांत जमिनीची किंमत जवळपास निम्म्यावर. ते म्हणाले, लिलावाच्या दिवशी शेजारी सगळे यायचे पण एकमेकांकडे बघायचे नाहीत. त्यांच्या ओळखीच्या एकाने लिलावाच्या आदल्या दिवशी सगळी अवजारं धुवून, तेल लावून रांगेत उभी केली, आणि बायकोला फोटो काढायला सांगितला. तो फोटो त्यांनी पाहिलाय. त्या माणसाचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनीही विचारलं नाही. बाबांनी एवढंच सांगितलं की आमच्याकडे पण असं झालं, अजून होतं, आमच्या गावातले तीन जण. ते गृहस्थ हो हो करत मान हलवत राहिले. शेतकऱ्यांसाठी इथे १९८४ मध्ये फोन हॉटलाइन सुरू झाली ती आजही चालू आहे, हे त्यांनीच बाबांना नंबर असलेलं पत्रक देऊन दाखवलं.

दुपारनंतर कॉमस्टॉकजवळचं डाउज कुटुंबाचं मातीचं घर. १९०० च्या सुमाराचं, नीट दुरुस्त करून ठेवलंय, आत जाता येतं. गवताची मुळं घट्ट विणलेली असल्यामुळे खास नांगराने जमिनीचे लांब पट्टे कापायचे, फावड्याने तीन तीन फुटांचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचायचे. झाडं नाहीत, लाकूड नाही, दुसरं करणार काय. भिंती दोन-तीन फूट जाड. बाबांनी खिडकीच्या कोनाड्यात हात ठेवून जाडी मोजली, भिंतीला हात लावला, "थंड हाय, पाह्य." बाहेर चांगलं ऊन होतं. आमचं गावातलं घर पांढऱ्या मातीचं, धाब्याचं, पावसाळ्यात वरून माती गळायची म्हणून आजी बाजेवर लुगडं बांधायची. इथे पण छताखाली चादरी बांधत, माती, उंदीर, साप अंगावर पडू नयेत म्हणून. आमचं ते घर दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय, स्लॅबचं बांधायला, मोठेबाबांनी कंत्राटदाराला पैसे पण दिलेत. बाबा आत फिरले, दारापाशी येऊन उभे राहिले, आणि म्हणाले आपल्या घराचा एक पण फोटो नाही ना आपल्याकडे. खरंच नाही. लग्नातले आहेत, त्यात मागे मांडवाचा पडदा.

शनिवार, ग्रँड आयलंड

सकाळी हायवे २ ने खाली आलो. ग्रँड आयलंडचं स्टुअर म्युझियम मोठं आहे, १८९० च्या दशकातलं रेल्वेचं गाव उभं केलंय, लोहाराच्या भट्टीवर खरंच काम चालतं, आणि एका बाजूला पॉनी या इथल्या मूळ जमातीच्या लोकांचं मातीचं गोल घर. तिथे आम्ही जास्त वेळ होतो. होमस्टेडमध्ये लोकांना वाटली ती जमीन रिकामी नव्हती. पॉनी लोक शेकडो वर्षं इथल्या नद्यांच्या काठाने मका, घेवडा, भोपळा लावत होते, त्यांना १८७० च्या दशकात आत्ताच्या ओक्लाहोमात हलवलं. बुचरच्या अंगणातल्या फोटोंमध्ये ते जवळजवळ दिसतच नाहीत, तो इथे पोचेपर्यंत त्यांना घालवून झालं होतं. पॉन्का लोकांना पण असंच हलवलं, त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर मुलाचा मृतदेह आपल्या भूमीत पुरायला परत चालत आला, पकडला गेला, आणि १८७९ मध्ये ओमाहाच्या कोर्टात निकाल लागला की कायद्यापुढे इंडियन, म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी, हा माणूस आहे. मी रोज ऑफिसला जाते त्याच शहरात.

पॉनी लोकांनी जाताना बियाणं नेलं होतं. ओक्लाहोमाच्या मातीत ते नीट येईना, घराघरात जपून ठेवलेलं हळूहळू संपत मूठभर राहिलं. मग २००० नंतर कार्नीकडच्या बागायती करणाऱ्या लोकांनी त्यांच्याशी हात मिळवला, थोडे दाणे इथे आणून लावले आणि मका आला, आता वेगवेगळ्या जातींचं बियाणं परत ओक्लाहोमाला जातं. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. "बियाणं गावाले ओळखते," म्हणाले.

दुपारनंतर आय-८० ने घराकडे. लिंकनला फुटबॉलची मॅच, सगळ्या गाड्यांवर लाल झेंडे. ट्रॅफिकमध्ये बाबांनी टॅबवर परत फोटो काढले आणि झूम करून एकेक बघत बसले, अवजारं कुठली, बैल की खेचर, पोरांच्या पायात जोडे आहेत का. मग म्हणाले, दादाले फोन लाव. तिकडे सकाळचे सहा-साडेसहा झाले होते, मोठेबाबा उठलेलेच असतात.

"घर पाडायच्या आधी फोटो काढायचा हाय," बाबांनी सरळ सुरुवात केली. मोठेबाबा म्हणाले मोबाईलवर काढून पाठवतो आत्ताच. बाबा म्हणाले, नाई, तसा नाई, सगळ्याइनं अंगणात उभं राहाचं, आणि घरातलं सामान बाहेर काढाचं. तिकडे शांतता. मग सामान कुठलं यावर सुरू झालं. तिफण मोडली पण माळ्यावर हाय. डवरा हाय, वखर हाय. आजीचं जातं परसात पालथं पडलंय, ते दोघा जणांनी उचलावं लागेल. बैलजोडी आता नाही, मोठेबाबा म्हणाले ट्रॅक्टर उभा करू, बाबा म्हणाले करा, पण शेजारून जोडी मागून आणा एका घंट्यासाठी. मी मध्येच म्हटलं आत्यांना बोलवा, तिघींना, आणि कडेला नाही, मधोमध. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "हो, त्याइलेही बोलवा." पाडव्याला सकाळी नऊच्या आत, तेव्हा ऊन समोरून पडतं, असं ठरलं. फोन ठेवणार तेवढ्यात मागून मोठीआईचा आवाज आला, "अन् माही शिलाई मशीन?"

बाबा म्हणाले, "मशीन पहिले काढा. ते समोरच ठेवा."